काकूंचं चाळीस

"अहो, टोचा ना एकदाचं. बोट पुढे धरून हात अवघडला माझा."

"थांब गं. यंत्राचा दिवा स्थिर होऊ दे."

"दिवा स्थिर होईस्तोवर माझं बोट गार पडेल. मग रक्त येत नाही म्हणून दोनदा टोचाल. तुमचं माहितीये मला."

बोलता बोलता काकूंनी तिसरं बोट अंगठ्याने चोळून गरम केलं आणि क्षणभर डोळे मिटले. ओठ जरासे हलले. हे रोजचंच होतं. सुईचं भय त्यांना कधी वाटलं नाही. पण अंगातला एक थेंब कुणाच्या तरी उपयोगी पडणार, तर तो देवाचं नाव घेऊन द्यावा, एवढंच. काकांनी सुई टेकवली. बोटावर लाल मणी उभा राहिला. तो त्यांनी बारीक नळीत ओढून घेतला, खाऱ्या पाण्यात मिसळला आणि यंत्राला लावला.

पडद्यावर पेशी वाहू लागल्या. मधोमध खोलगट, वाटोळ्या तबकड्या. काचेच्या पट्टीत एक नळी कोरलेली होती, पेशीच्या निम्मीसुद्धा रुंद नसलेली. प्रत्येक पेशी नळीच्या तोंडाशी यायची, थबकायची, अंग चोरून घडी घालायची आणि आत शिरायची. पलीकडे निघाली की पुन्हा वाटोळी. देहातल्या सगळ्यात बारीक वाटांमधून त्यांना जन्मभर असंच जावं लागतं. एका पेशीला पलीकडे जायला किती वेळ लागतो, ते यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अशा हजार पेशी झाल्या की पडद्याच्या कोपऱ्यात त्यांच्या सरासरीचा एक आकडा उमटायचा.

"चाळीस पॉइंट दोन," काका म्हणाले.

"मग? चढवा बाटली."

यंत्राशेजारी पोलादी दांड्याला मिठाच्या पाण्याची बाटली अडकवलेली होती. बाटली जितकी उंच तितका पाण्याचा दाब जास्त, आणि तितक्या पेशी भराभर पुढे ढकलल्या जायच्या. काकांनी स्क्रू सैल केला, डोळा मोजपट्टीच्या रेषेत आणला आणि बाटली एक मिलिमीटर वर घेतली. पुन्हा हजार पेशी गेल्या.

"आलं का चाळीस?"

"आलं." काकांनी वहीत लिहिलं: तारीख, वेळ, चाळीस, उंची एकशे एकाहत्तर.

"मग मी जाते माझ्या काचांकडे." काकू उठल्या आणि टेबलाला हात लावून उभ्याच राहिल्या.

"काय गं?"

"काही नाही. जिन्याने दम लागला जरा."

जिना चढून अर्धा तास झाला होता. पण तेवढ्यात यंत्राने पट्टी बदलायची घंटा वाजवली आणि काका तिकडे वळले.

संस्थेत त्यांना सगळे मिलिमीटर काका म्हणत. पोरांनी ते नाव चेष्टेने ठेवलं होतं, कारण भिंतीवरचं घड्याळ किंचित तिरकं असलं तरी काका स्टूल ओढून ते सरळ करत. पुढे चेष्टा विरली आणि नाव राहिलं. यंत्रं लावणं, पुसणं, त्यांच्या कुरबुरी ऐकणं हे त्यांचं काम. काकू त्याच मजल्यावर काचेची भांडी धुवायच्या. तीनदा साध्या पाण्याने, तीनदा गाळलेल्या पाण्याने. एकवीस वर्षांत त्यांनी धुतलेल्या भांड्यात कुणाला डाग सापडला नव्हता.

प्रयोगशाळा पदार्थविज्ञानाची, पण तिथे सगळे मोजायला बसले होते ते जिवंत देहाला. वरच्या मजल्यावर मेंदूतल्या पेशींचे विजेचे नखाएवढे झटके पकडायचे. शेजारच्या खोलीत स्नायूचा एकच धागा ताणून बघायचे. आणि ही खोली रक्ताची. प्रयोगशाळा सांभाळणारे सर म्हणत, "डॉक्टर विचारतात, काय झालंय. आपण विचारायचं, किती." निरोगी पेशी किती लवचीक, मधुमेह झालेल्या माणसाची किती ताठर, औषधाने ती किती सैलावते, यावर त्यांचं तीन वर्षं काम चाललं होतं. काकांना हे 'किती' मनापासून पटलं होतं. 'काय' विचारलं की माणसं वाद घालतात. 'किती' विचारलं की मोजपट्टी आणावी लागते.

पण मोजपट्टी खरी आहे का, हेही रोज बघावं लागतं. वाणी तराजूत आधी ठाऊक असलेलं वजन टाकून बघतो, तसं. सुरुवातीला त्यासाठी परगावाहून कसल्याशा मऊ गोळ्या यायच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या. त्या महिन्याभरात वाळून कडक व्हायच्या. मग सरांनी पाच निरोगी माणसांचं रक्त लावून पाहिलं. पाचांमध्ये काकूंचा आकडा सगळ्यात स्थिर. आज चाळीस, उद्या चाळीस, महिन्याने चाळीस. शिवाय सकाळी सातला हजर असणाऱ्या त्या एकट्याच. बाकीचे दहाला डोळे चोळत यायचे.

"काकू, आजपासून तुम्ही आमचं मानक," सर म्हणाले होते.

काकूंनी घरी जाताना शेजारणीला सांगितलं, "मी मानक झाले."

"म्हणजे गं काय? बढती मिळाली?"

"छे. आता सगळ्यांचं रक्त माझ्यावरून मोजणार."

"मग माझ्या नवऱ्याचं मोज आधी. नुसतं उसळत असतं."

ही गोष्ट काकूंनी इतक्यांदा सांगितली की शेवटी काकाच शेजारणीचं वाक्य आधी म्हणून टाकत.

वहीच्या पहिल्या पानावर सरांच्या हातचा एक नियम होता. महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणाचं तरी रक्त लावून पडताळा घ्यायचा. काकांनी तो सहा महिने पाळला. दर वेळी जमायचं. मग एकदा विद्यार्थ्यांची परीक्षा आली, एकदा पट्ट्या संपल्या, आणि तो नेम मोडला. मोडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. सकाळच्या थेंबाचा नेम मात्र एक दिवस चुकला नाही. रविवार आणि सुट्टी सोडली तर काकू तापातसुद्धा बोट देऊन गेल्या होत्या.

दीड वर्ष बाटली एकशे वीसवर होती. मग एकशे एकवीस झाली. काकांनी गाळणी बदलली. एकशे चोवीस झाली तेव्हा त्यांना वाटलं, रबराची नळी म्हातारी झालीय, नवी घातली. पुढे पट्ट्यांचा नवा गठ्ठा आला होता, तो जरा अरुंद कोरलेला असणार. मग थंडी पडली. थंडीत तर तूपसुद्धा घट्ट होतं, पेशींचं काय घेऊन बसलात? थंडी गेली तरी बाटली खाली आली नाही. तोवर दुसरं कारण सापडलं होतं. यंत्राचं वय झालं होतं.

घरीही तसंच चाललं होतं, फक्त तिथे वही नव्हती. काकूंना ओट्याशी फार वेळ उभं राहवेना, तेव्हा काकांनी त्यांच्या उंचीला बरोबर बसेल असं स्टूल करवून आणलं. बादली जड वाटू लागली, तर अर्धीच भरायची ठरलं. जिन्याच्या मधल्या वळणावर त्यांनी घरमालकाला विचारून एक खुर्ची ठेवली. काकू तिथे बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. मुलगी फोनवरून विचारायची, "आई कशी आहे?" काका सांगायचे, "मजेत आहे. पन्नाशी उलटली की एवढं तेवढं चालायचंच." स्टूल इतकं नेमकं झालं होतं की काकांना त्याचा अभिमान वाटायचा.

त्या आठवड्यात काकूंच्या धाकट्या बहिणीने घर बदललं. सामान लावायला म्हणून काकू दोन दिवस तिच्याकडे निघाल्या.

"उद्या माझं बोट नाही. कुणाचं टोचाल?"

"माझंच टोचीन."

"रडू नका म्हणजे झालं."

"मी कशाला रडतोय?"

"इंजेक्शनाच्या वेळी खिडकीबाहेर बघता ते? सगळं माहितीये मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकांनी आपल्या बोटाला सुई लावली. खिडकीबाहेर बघूनच लावली. थेंब खाऱ्या पाण्यात घातला. पडद्यावर पेशी आल्या आणि नळीतून अशा सुळकन निघून जाऊ लागल्या की काकांनी आधी पट्टी फुटलीय की काय ते पाहिलं. पट्टी धड होती. कोपऱ्यात आकडा उमटला.

अठ्ठावीस.

काकांनी नळी झटकली, पट्टी बदलली, दुसरं बोट टोचलं. अठ्ठावीस. पाणी बदललं. अठ्ठावीस पॉइंट एक.

खाली फाटकावर पहारेकरी चहा पीत होता. "मिलिमीटरसाहेब, इतक्या सकाळी इकडे कुठे?"

"वर चल जरा. एक थेंब रक्त हवंय."

"आजवर घाम मागितलात, आता रक्त मागायला लागलात होय?" हसत हसत तो आला. त्याचं एकोणतीस निघालं. झाडूवालीचं अठ्ठावीस. दहाला सरांची विद्यार्थिनी आली. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती, तोवर काकांनी तिचं बोट धरलं.

"अहो काका, काय झालं? सांगा तरी!"

"सत्तावीस," काका म्हणाले.

"सत्तावीस काय?"

 आपल्याच रक्ताचा उरलेला थेंब काकांनी पुन्हा यंत्राला लावला आणि बाटली खाली घ्यायला सुरुवात केली. एकशे साठ. एकशे पन्नास.  आज स्क्रू दोनदा निसटला. एकशे तीस. एकशे वीस. यंत्राने हजार पेशी मोजल्या आणि कोपऱ्यात आकडा आला. चाळीस.

यंत्र ठणठणीत होतं. गाळणी, नळी, पट्ट्या, सगळं ठणठणीत होतं. चौदा महिन्यांपूर्वी जिथे होतं तिथेच ते उभं होतं, तसूभरही न हललेलं.

काकांनी वही उघडली आणि उंचीच्या रकान्यावरून बोट खाली आणलं. एकशे वीस. एकवीस. चोवीस. तीस. एक्केचाळीस. अक्षर सुरेख होतं, एकही खाडाखोड नव्हती. शेजारच्या रकान्यात ओळीने चाळीस, चाळीस, चाळीस. ते त्यांनीच आणलेले होते.

"काका," चष्मेवाली हळूच म्हणाली, "म्हणजे काकूंचं…"

"सरांना बोलाव."

सर आले. त्यांनी वही पाहिली, पडदा पाहिला आणि पहिल्यांदा जे तोंडातून निघालं ते असं: "म्हणजे आपले सगळे रुग्ण सुधारतायत असं दिसत होतं, ते खोटंच. दाब वाढत होता म्हणून त्यांच्या पेशी लवकर जात होत्या. चौदा महिने! लेख छापायला गेलाय आपला." ते कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. हात खाली आला.

"काका, काकू कुठे आहेत?"

"बहिणीकडे गेलीय. सामान लावायला."

"जड उचलू नका म्हणावं," सर म्हणाले. आणि आपण काय बोललो ते कळून खिडकीकडे बघत राहिले.

दुपारच्या बसने काका मेहुणीच्या घरी पोचले. दार तिनेच उघडलं.

"अगबाई, भावोजी! दोन दिवससुद्धा निघाले नाहीत? ताई, ये गं, तुझं कुरिअर आलंय परत न्यायला!"

आतून काकू आल्या. खोक्यांमधून वाट काढत, एकेका खोक्यावर हात टेकत. चेहरा कागदासारखा दिसत होता. तो काल तसा नव्हता की काय? असणारच. काकांना त्या क्षणी लाज वाटली की आपल्याला आठवत नाही.

"काय हो? यंत्र बिघडलं?"

"नाही," काका म्हणाले. "चल, घरी जाऊ."

बसमध्ये त्यांनी सांगितलं. आधी नुसते आकडेच सांगितले, कारण दुसरं काय सांगायचं ते सुचेना. त्यांचं अठ्ठावीस, पहारेकऱ्याचं एकोणतीस. एकवीस वर्षं त्या मजल्यावर काचा धुतलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागलं नाही.

काकू बाहेरची दुकानं बघत होत्या.

"म्हणजे यंत्र चुकत नव्हतं."

"नाही."

"ते रोज सांगत होतं."

"हो."

"आणि तुम्ही रोज त्याला गप्प करत होतात." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. मग काकूच म्हणाल्या, "मी तरी काय केलं? मीच म्हणायची ना, चढवा बाटली."

"तुला आधीपासून वाटत होतं का गं काही?"

"वाटायचं. पण सकाळी चाळीस आलं की बरं वाटायचं. म्हणायची, चाळीस आहे म्हणजे बरीच आहे की मी."

काकांनी खिशातून तिकिटं काढली, पाहिली आणि पुन्हा ठेवली. कंडक्टर अजून मागायलाही आला नव्हता.

मोठ्या रुग्णालयात तीन आठवडे गेले. कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतली मज्जा काढून तपासली. त्या दिवशीही काकूंनी डोळे मिटले, ओठ हलवले. काका बाहेर उभे होते. आत येऊ देत नाहीत म्हणाले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि चांगल्या होत्या. घाईत असूनही घाई दाखवत नव्हत्या. काकूंना त्यांनी बाहेर बसवलं नाही, दोघांनाही समोर बसवून सांगितलं. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथे धाग्यांचं जाळं धरतंय. पेशी कमी बनतात, आणि बनतात त्या त्या जाळ्यातून ओढूनताणून बाहेर येतात, वेड्यावाकड्या आणि ताठर होऊन. म्हणून दम, म्हणून थकवा. औषध आहे, त्याने त्रास कमी होईल. बाहेरून रक्त चढवत राहावं लागेल. मुळापासून बरं करायचं तर दुसऱ्याच्या हाडातली मज्जा बसवावी लागते. या वयात, या अवस्थेत, त्या सल्ला देणार नाहीत.

काकांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. ती सोबत का आणली हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. यंत्र दुरुस्तीला नेताना त्याची वही न्यायची असते, म्हणून असेल.

डॉक्टरीणबाईंनी दोन पानं उलटली, मग दहा, मग मागे जाऊन पहिल्यापासून बघितलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"रोज?"

"रविवार सोडून."

"आमच्याकडे आजार कळल्यावर नोंदी सुरू होतात," त्या म्हणाल्या. त्यांचं बोट एकशे तेवीसवर थांबलं होतं.

"तिथे आणलं असतं हिला," काका म्हणाले. "त्या दिवशी. तर?"

"औषध लवकर सुरू झालं असतं."

"तर किती फरक पडला असता?"

"काका, या आजाराची चाल प्रत्येकात वेगळी असते. कुणात दहा वर्षं काही होत नाही, कुणात…"

"अंदाजे सांगा. किती?"

"आकडा नाही हो माझ्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित पुष्कळ पडला असता. कदाचित काहीच नाही. खोटं कशाला सांगू?"

 'पुष्कळ' म्हणाल्या असत्या तर काकांना जन्मभर स्वतःला शिव्या देता आल्या असत्या. 'काहीच नाही' म्हणाल्या असत्या तर रात्री झोप लागली असती. काकूंनी त्यांची बाही ओढली. "उठा आता. बाहेर लोक ताटकळलेत."

प्रयोगशाळेत मात्र सगळं निस्तरलं. काकांनी रोजची उंची लिहिलेली होती, त्यामुळे कुठल्या दिवशी दाब किती जास्त होता ते कळत होतं. चष्मेवालीने एका दुपारी बसून चौदा महिन्यांचे सगळे आकडे मागे नेऊन दुरुस्त केले. एकही माप वाया गेलं नाही. लेख परत मागवून नीट करून पाठवला. ती काकांना सांगायला आली तेव्हा तिला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

"तुमच्या वहीमुळे वाचलं सगळं, काका."

"हो का?" काका म्हणाले. "छान झालं."

ती तिथेच उभी राहिली आणि मग चष्मा काढून पुसत बसली.

सर एका संध्याकाळी घरी आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. शेवटी चाचरत म्हणाले, की रोगाच्या इतक्या आधीपासूनच्या रोजच्या नोंदी जगात कुणाकडे नसाव्यात. दुसऱ्या कुणाला वेळेवर कळायला उपयोग होईल. पण काकूंची इच्छा नसेल तर ते पुन्हा हा विषय काढणार नाहीत.

"छापा की," काकू म्हणाल्या. "नाहीतरी देऊनच टाकलेलं रक्त ते. परत थोडंच मागायचं असतं?"

"तुम्हाला वाईट वाटत नाही ना काकू, की आम्ही…"

"वाटतं ना. न वाटायला मी काय दगड आहे?" मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या, "चहा यांनी केलाय. साखर जास्त झालीय बहुतेक. गोड मानून घ्या."

सरांनी कप रिकामा केला आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन काकूंना वाकून नमस्कार केला. असा नमस्कार करायची त्यांना सवय नव्हती. चष्मा खाली पडला.

काकांनी त्या दिवसांत पुष्कळ काही करून पाहिलं. आजारावरची पुस्तकं वाचली. दुसऱ्या दोन डॉक्टरांकडे कागद नेले. मुलगी आठवडाभर येऊन राहिली. आईशी हसून बोलली आणि निघताना जिन्यात खुर्चीवर बसून रडली. काकांनी स्वतःची मज्जा चालेल का, तेही विचारलं. नुसतं विचारल्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत काका ज्या कुठल्या यंत्रापुढे बसले, ते त्यांना शेवटी कळलंच होतं. कधी दोन तासांनी, कधी दोन महिन्यांनी. काकूंचं हेही कळलं होतं. कुठे काय अडलंय, का अडलंय, सगळं पेशीपेशीने कळलं होतं. कळल्यानंतर हाताला पुढचं काम असतं, तेच इथे नव्हतं.

आता दर दुसऱ्या मंगळवारी रक्त चढवायला जावं लागतं. आधी खालच्या मजल्यावर तपासणीसाठी नंबर लावायचा, तो पुकारला की काकूंना आत न्यायचं, मग वर पलंग मिळतो. त्या मंगळवारी छप्पन्न नंबर मिळाला होता. बाकावर जेमतेम जागा झाली. काकू आदल्या सकाळपासून दोन घास खाऊन नुसत्या पडून होत्या. गेल्या चार रात्री हाडं दुखत होती म्हणून त्यांना झोप नव्हती. काठीएवढ्या झालेल्या हातांनी त्यांनी पदर सारखा केला, मागे टेकायचा प्रयत्न केला, बाकाला पाठ नव्हती.

"इकडे टेक," काका म्हणाले.

"लोक बघतील."

"बघू देत. तिकीट नाही लावलेलं."

काकू ओठांतल्या ओठांत हसल्या आणि डोकं त्यांच्या खांद्यावर ठेवलं. पाच मिनिटांत त्यांचा श्वास संथ झाला. झोप लागली होती. खरी, खोल झोप. भुवयांमधली आठी सुटली होती.

"पन्नास," पलीकडून आवाज आला. मग एक्कावन्न. बावन्न. काका ताठ बसून राहिले. समोरच्या भिंतीवरची पाटी एका बाजूने उतरली होती; त्यांनी तिच्यावरून नजर काढून घेतली.

"छप्पन्न."

काका हलले नाहीत.

"छप्पन्न नंबर! कोण आहे छप्पन्न?" परिचारिका दारातून बाहेर आली. तिने त्यांच्या हातातली चिठ्ठी पाहिली. "काका, तुमचाच ना? चला, उठवा त्यांना."

काकांनी मान हलवून नको म्हटलं.

"अहो, मग तुम्ही एकदम शेवटी जाल. दुपार होईल."

"होऊ दे," काका पुटपुटले. "पुढच्यांना घ्या."

परिचारिका क्षणभर उभी राहिली आणि मग तिने सत्तावन्न पुकारला, पहिल्यापेक्षा हळू आवाजात. एक म्हातारी काठी टेकत आत गेली. अठ्ठावन्न गेला. एकोणसाठ गेला. काकांच्या खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या होत्या, हात आता त्यांचा वाटत नव्हता. त्यांनी तो हलवला नाही.